मुखपृष्ठावरील भूतकाळ : ऐतिहासिक कादंबरीसाठी चित्रांचा शोध

ऐतिहासिक कादंबरी वाचकाच्या हाती येते तेव्हा तिच्यातील पहिले विधान मुखपृष्ठ करते. कथेचा काळ कोणता, प्रदेश कोणता, त्या काळची माणसे कशी दिसत, कशी वावरत, ह्याविषयीची एक कल्पना पहिले पान उलटण्यापूर्वीच वाचकाच्या मनात रुजलेली असते. आणि पुढील चारशे पानांतील वर्णनांनाही ती सहसा पुसता येत नाही. रा. भि. गुंजीकर ह्यांची ‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून दीड शतकाच्या अवधीत मराठी वाचकाला ह्या वाङ्मयप्रकाराची इतकी सवय झाली आहे, की पगडीचा घाट, तलवारीची मूठ, किल्ल्याची कमान अशा तपशिलांवरून तो लेखकाच्या अभ्यासाची परीक्षा करू लागतो. तपशील चुकला, तर दोष चित्रकाराला दिला जात नाही. तो कादंबरीकाराच्या माथी येतो.

असे असूनही मुखपृष्ठाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, आणि तोही घाईने होतो. हस्तलिखित पूर्ण होते, मुद्रिते तपासून होतात, मुद्रणालयातून निरोप येऊ लागतात, आणि मग कोणीतरी संगणकाच्या पडद्यावर दिसलेले एखादे देखणे जुने चित्र उचलून देतो. चित्र जुने आहे, तेव्हा ते कोणाचेच नसणार, असे गृहीत धरले जाते. एक हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या लहान प्रकाशकाच्या दृष्टीने हे गृहीत फार महाग पडू शकते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ह्याहूनही अडचणीची तरतूद अशी, की हक्कभंग करून काढलेल्या प्रती हक्कधारकाच्याच मालकीच्या समजल्या जातात. बांधणी होऊन गोदामात पडलेले गठ्ठे त्यायोगे क्षणात परके होऊ शकतात.

ह्या प्रश्नाचा उलगडा एखाद्या ठराविक उदाहरणावरून अधिक चांगला होईल. चंडीगडला लागून असलेल्या मुल्लानपूर येथे नोकरीनिमित्त राहणारा एक मराठी लेखक रघुनाथरावाच्या १७५८ सालच्या पंजाब मोहिमेवर कादंबरी लिहीत आहे, अशी कल्पना करावी. विषय त्याला घराच्या अंगणातच सापडलेला आहे. मराठी फौजांनी अदीना बेग आणि शीख सरदार ह्यांच्यासह मार्च १७५८ मध्ये जे सरहिंद घेतले ते मुल्लानपूरपासून एका दिवसात जाऊन येता येईल इतके जवळ आहे. तेथून फौजा एप्रिलमध्ये लाहोरात शिरल्या, आणि पुढे अटकेपर्यंत पोचल्या. मराठी भाषेला ‘अटकेपार झेंडा’ हा वाक्प्रचार त्या मोहिमेने दिला. प्रकाशक पुण्याचा आहे, त्याची ऐपत बेताची आहे, आणि मुखपृष्ठासाठी चित्र लेखकानेच सुचवावे असे त्याने कळविले आहे.

चित्राचे वय आणि हक्काचे वय

प्रथम कायद्याचा हिशेब समजून घेणे अवश्य आहे. भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या दिवसापासून न मोजता पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. मूळ अधिनियमात ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपुष्टात येणार होता, त्या सुमारास ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. बंगालमधील एका कवीच्या ग्रंथांसाठी झालेला हा बदल कोल्हापूर आणि मुंबई येथील चित्रकारांच्या चित्रांनाही लागू झाला, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

म्हणजे चित्रात कोणता काळ रंगविला आहे, ह्याला कायद्याच्या लेखी काहीच महत्त्व नाही. महत्त्व आहे ते चित्रकार केव्हा वारला ह्याला. महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांनी शिवकालातील प्रसंगांची चित्रे काढली. ते १९४४ साली वारले. २००५ सालापासून त्यांच्या चित्रांचा वापर कोणालाही करता येतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९५४ साली वारले. त्यांची चित्रे २०१५ पासून मोकळी झाली. परंतु मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांना ज्यांनी एक पिढीभर रूप दिले त्या दीनानाथ दलाल ह्यांचा मृत्यू १९७१ मधला आहे. त्यांनी रंगविलेला मावळा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असला, तरी त्या चित्रावरील हक्क २०३१ अखेरपर्यंत कोणाचा ना कोणाचा आहेच. जुन्या दिवाळी अंकातून असे चित्र कापून घेणारा मनुष्य आपण इतिहासातून काही घेत आहोत असे समजतो. वस्तुतः तो एखाद्या कुटुंबाच्या वा संस्थेच्या मिळकतीतून घेत असतो.

छायाचित्रांचा हिशेब थोडा निराळा आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीपर्यंत छायाचित्रावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे टिकत असे. ह्या दुरुस्तीने छायाचित्रेही चित्रांच्या रांगेत आणून बसविली, आणि मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजली जाऊ लागली. तथापि एकदा मोकळे झालेले छायाचित्र पुन्हा बंदिस्त होत नाही. सबब १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली भारतीय छायाचित्रे सामान्यतः वापरास मोकळी आहेत. जुन्या पुण्याची, गडकोटांची, घाटांची जी छायाचित्रे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत छापली गेली ती ह्या वर्गात मोडतात. कर्त्याचे नावच ठाऊक नसलेली कृती असेल, तर मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षांची धरतात. मात्र नाव शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असावा. संकेतस्थळावर नाव दिलेले नाही, एवढ्यावरून चित्र अनामिक ठरत नाही.

नावाचा भरवसा

हक्काचा हिशेब कर्त्याच्या मृत्यूवर अवलंबून असल्याने कर्ता कोण हे निश्चित ठाऊक असले पाहिजे, आणि नेमके येथेच पुष्कळ लोक फसतात. हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे, मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्र सर्वपरिचित आहे. असंख्य ठिकाणी ते राजा रविवर्म्याच्या नावाने छापले गेले. रविवर्मा १९०६ साली वारला, तेव्हा ते चित्र केव्हाच मोकळे झाले असणार, असा निष्कर्ष त्यावरून सहज निघतो. प्रत्यक्षात ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांचे आहे. हळदणकर १९६८ साली निवर्तले, आणि त्यांच्या चित्रांवरील मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. एका चुकीच्या नावाने येथे बासष्ट वर्षांचे अंतर पडते. ‘रविवर्मा प्रेस’ असा छाप असलेल्या रंगीत चित्रांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. १८९४ साली सुरू झालेला हा छापखाना पुढे रविवर्म्याने विकून टाकला, आणि त्यानंतर अनेक इतर चित्रकारांची कामे त्याच नावाखाली घरोघर पोचली.

चित्रकाराचे नाव चुकले तर कायदा आडवा येतो. चित्रातील व्यक्तीचे नाव चुकले तर इतिहास आडवा येतो. एके काळी इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात प्रचलित होते. वा. सी. बेंद्रे ह्यांनी डच साधनांतील चित्र पुढे आणले तेव्हा कोठे ह्या गैरसमजाचा निरास होऊ लागला. एका संपूर्ण पिढीने आपल्या सर्वांत प्रिय राजाचा चेहरा म्हणून भलत्याच माणसाकडे भक्तीने पाहिले होते! पेशव्यांच्या आणि सरदारांच्या म्हणून आज जी चित्रे संगणकावर फिरतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ अशाच रीतीने तपासून पाहण्याजोगे आहे. ज्या चित्राखाली संग्रहाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि निर्मितीचा काळ ह्यांपैकी एकही गोष्ट नाही, ते मुखपृष्ठावर घेऊ नये, हा नियम कडक वाटला तरी पाळण्याजोगा आहे.

मूळ आणि प्रतिकृती

चित्र अठराव्या शतकातील आहे, चित्रकार कोण हे निश्चित आहे, आणि हक्काची मुदत संपलेली आहे, एवढे सिद्ध झाल्यावरही एक अडथळा उरतो. मुद्रकाला मूळ चित्र मिळत नाही. मिळते ते त्याचे छायाचित्र. ह्या छायाचित्रावर वेगळा हक्क सांगता येतो काय? न्यूयॉर्क येथील एका न्यायालयाने १९९९ साली दिलेला निर्णय प्रसिद्ध आहे : सपाट चित्राचे हुबेहूब छायाचित्र काढण्यात कौशल्य असले तरी नवनिर्मिती नाही, सबब त्यावर नवा हक्क निर्माण होत नाही. युरोपीय संघाने २०१९ सालच्या निर्देशात हेच तत्त्व स्वीकारले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २००७ मध्ये, न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींसंबंधीच्या एका खटल्यात, केवळ श्रम पुरेसे नसून किमान काही सर्जनशीलता हवी, असे म्हटलेले आहे. तथापि संग्रहालये प्रतिकृती देताना अर्जावर ज्या अटी लिहून घेतात, त्या अटींचे बंधन कराराचे असते. ‘फक्त अभ्यासासाठी’ म्हणून मिळविलेली प्रत विक्रीच्या पुस्तकावर छापली, तर कॉपीराइट संपला होता हे उत्तर पुरे पडत नाही.

म्हणूनच स्वस्त आणि निर्वेध चित्र हवे असणाऱ्याने चित्राच्या वयाइतकेच ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या धोरणाकडे पाहावे. गेल्या काही वर्षांत ह्या धोरणांत मोठे स्थित्यंतर झाले आहे. येल विद्यापीठाने २०११ साली आपल्या संग्रहांतील मुदत संपलेल्या चित्रांच्या संगणकीय प्रती विनामूल्य आणि विनाअट खुल्या केल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्यानंतर हाच मार्ग धरला, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली सुमारे पावणेचार लाख चित्रे मोकळी केली. व्यापारी उपयोगाचीही ह्यांत मुभा आहे, ही गोष्ट प्रकाशकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होय.

मराठी इतिहासाला ह्या घडामोडींचा अनपेक्षित लाभ झाला. पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील असताना गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने त्याच्यासाठी लेण्यांची, पहिलवानांची, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची चित्रे काढली. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईस उतरला, पुढे पुण्यास आला, आणि त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांना समोर बसवून रंगविले. वेल्स १७९५ साली वारला. मॅलेटने पुढे त्याच्याच मुलीशी विवाह केला. तांबटाची अनेक चित्रे आणि वेल्सचे कागद आज अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येलच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याच्या तांबटाने शनिवारवाड्याच्या परिसरात बसून काढलेले चित्र पुण्याच्याच प्रकाशकाला आज समुद्रापलीकडून, घरबसल्या आणि फुकट मिळते. ह्या गोष्टीचा आनंद मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवकालावर लिहिणाऱ्यालाही असाच आधार अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे : निकोलास विट्सेन ह्या डच गृहस्थाच्या संग्रहातील, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्याच्या शैलीत काढलेले महाराजांचे व्यक्तिचित्र.

तथापि मुल्लानपूरच्या लेखकाने ह्या खजिन्यावर घाईने हात टाकू नये. वेल्स आणि तांबट ह्यांचे पुणे १७९० च्या आसपासचे आहे. रघुनाथरावाची मोहीम त्याच्या बत्तीस वर्षे अगोदरची. दोहोंच्या मधोमध पानिपतचा संहार उभा आहे. सवाई माधवरावावरील कादंबरीला जे चित्र अस्सल ठरते, ते राघोभरारीच्या कादंबरीला एक पिढी उशिराचे ठरते. प्रत्यक्ष साक्षीचा भासही फसवा असू शकतो. १७९० च्या तहाचा पेशवे दरबार दाखविणारे, आता लंडनच्या टेट संग्रहात असलेले भव्य तैलचित्र थॉमस डॅनियल ह्याने १८०५ साली लंडनमध्ये पूर्ण केले, आणि ज्याच्या अभ्यासचित्रांवर ते आधारलेले होते तो वेल्स तहाच्या वेळी हिंदुस्थानात आलेलाही नव्हता. मुखपृष्ठाला ते अवश्य शोभेल. परंतु पुराव्याच्या दृष्टीने ते एक पायरी दूरचे आहे, हे ठाऊक असावे.

शतक बरोबर, दरबार चूक

लेखकाच्या घराजवळ, चंडीगडच्या सेक्टर १० मध्ये, १९६८ साली उघडलेले शासकीय संग्रहालय आहे. ल कॉर्ब्युझिए ह्याच्या आराखड्याप्रमाणे बांधलेल्या ह्या वास्तूमागे फाळणीची कथा आहे. लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंची एप्रिल १९४८ मध्ये वाटणी झाली. साठ टक्के लाहोरात राहिल्या, चाळीस टक्के भारताच्या वाट्यास आल्या, आणि अमृतसर, सिमला, पतियाळा अशी वणवण करीत शेवटी येथे स्थिरावल्या. गांधार शिल्पांबरोबरच पहाडी लघुचित्रांचा एक श्रेष्ठ संग्रह येथे आहे. गुलेरचा नैनसुख हा चित्रकार १७५८ साली हयात होता आणि ऐन भरात होता. कालाचा मेळ इतका नेमका बसतो, की लेखकाला मोह पडल्यावाचून राहणार नाही.

परंतु येथे शतक बरोबर असून दरबार चूक आहे. पहाडी राजाचा जामा, त्याची पगडी, गवाक्षातून दिसणारी हिरवी टेकडी, ह्यांतील काहीच दख्खनी फौजेचे नव्हे. कांगड्याची विरहिणी मराठी सरदाराची पत्नी म्हणून मुखपृष्ठावर उभी करणे म्हणजे परक्याचा चेहरा उसना घेणेच होय. कादंबरीत एखादा पहाडी राजा किंवा पंजाबातील स्थानिक घराणे महत्त्वाचे असेल, तर गोष्ट वेगळी. तसे असल्यास संग्रहालयाच्या संचालकांकडे लेखी अर्ज करावा. त्यात चित्राचा नोंदणी क्रमांक, पुस्तकाचे नाव, प्रतींची संख्या, आणि चित्र मुखपृष्ठावर छापावयाचे आहे ही गोष्ट स्पष्टपणे नमूद करावी. आतील पानासाठी घेतलेली परवानगी मुखपृष्ठासाठी चालत नाही, असा पुष्कळ संग्रहांचा रिवाज आहे.

पानिपतच्या लढाईचे, सुमारे १७७० मध्ये फैजाबादच्या शैलीत काढलेले एक विस्तृत चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याची ओढही ह्या लेखकाला वाटेल. ते घटनेनंतर जेमतेम दहा वर्षांनी निर्माण झाले, हे खरे. परंतु ते विजयी पक्षाच्या बाजूने पाहिलेले आहे, आणि शिवाय १७५८ च्या विजयाच्या कथेवर १७६१ च्या पराभवाचे चित्र लावल्याने वाचकाची दिशाभूलच होईल.

जुने ग्रंथ, जुने नकाशे

ज्यांना संग्रहालयांचा पत्रव्यवहार जड वाटतो, त्यांच्यासाठी एक साधा मार्ग जुन्या ग्रंथांचा आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस ह्यांनी जुनी चित्रे व कागद मिळवून प्रसिद्ध करण्यात आयुष्य वेचले. किंकेड ह्यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला मराठ्यांचा इंग्रजी इतिहास, तसेच जुन्या पुण्यावरील १९२१ सालचा त्यांचा ग्रंथ अजून मोठ्या ग्रंथालयांत आढळतो. हेन्री सॉल्ट ह्याने १८०९ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रसंचात पुण्याचे दृश्य आहे, आणि ग्रिंडले ह्याच्या १८२६ ते १८३० मधील संचात पश्चिम हिंदुस्थानातील दृश्ये आहेत. ह्या सर्वांची मुदत कधीच संपलेली आहे. अडचण येते ती तांत्रिक. विसाव्या शतकातील ग्रंथांतील छायाचित्रे सूक्ष्म ठिपक्यांच्या जाळीतून छापलेली असतात. त्यांची प्रत घेऊन पुन्हा छापू गेल्यास दोन जाळ्या एकमेकींवर येऊन लाटांसारखी नको असलेली नक्षी उमटते. मुद्रकाकडून ती आधी काढून घ्यावी लागते. सॉल्टच्या काळातील कोरीव ठशांच्या छापांना हा रोग नसतो, आणि म्हणून मोठ्या आकारात ते अधिक खुलतात. साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच अशा नेहमीच्या आकाराच्या मुखपृष्ठासाठी, दर इंचास ३०० बिंदू ह्या हिशेबाने, किमान १६५० गुणिले २५५० बिंदूंची प्रत लागते. कापणीसाठी बाहेरच्या तिन्ही बाजूंना अष्टमांश इंच अधिक सोडावे ते वेगळेच. पडद्यावर झकास दिसणारी लहानशी प्रत ह्या मोजणीत बहुधा नापास होते.

मोहिमेच्या कादंबरीला नकाशा शोभतो, आणि जेम्स रेनेल ह्याचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा त्या दृष्टीने आकर्षक आहे. मात्र काही मोठे नकाशासंग्रह आपल्या प्रती ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ह्या सार्वत्रिक परवान्याच्या अव्यापारी प्रकाराखाली देतात, आणि विकावयाच्या पुस्तकासाठी तो प्रकार निरुपयोगी आहे. ह्या परवान्यांची अक्षरे नीट वाचावीत. केवळ कर्त्याचे नाव देण्याची अट असेल तर काम सोपे. ‘त्याच अटींवर पुढे द्यावे’ असे असेल तर त्या चित्रापासून बनविलेले मुखपृष्ठही इतरांना तसेच वापरू द्यावे लागेल, आणि हे प्रकाशकाला मान्य आहे की नाही ते आधी विचारावे. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रांपाशी ही माहिती दिलेली असते. परंतु चित्र चढविणाऱ्याने भरलेली माहिती हा पुरावा नव्हे, तो पुराव्याकडे जाण्याचा रस्ता आहे.

कॅमेरा, कुंचला आणि यंत्र

मुल्लानपूरच्या लेखकाला सर्वांत स्वस्त चित्र त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात मिळण्याचा संभव आहे. सरहिंद येथे आम खास बाग ही मोगल बादशहांच्या मुक्कामाची जागा भग्नावस्थेत का होईना, पण अजून उभी आहे; लुधियान्याकडे दोराह्याची मोगल सराई आहे. १७५८ साली त्या दिशेने फौजा सरकल्या तेव्हा ह्या भिंती तेथे होत्या. इमारतीचे, तसेच सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास अधिनियमाने स्पष्ट मुभा दिली आहे, आणि स्वतः काढलेल्या छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. दुसऱ्याने काढलेले छायाचित्र मात्र, इमारत कितीही जुनी असली तरी, दुसऱ्याचेच राहते. संरक्षित स्थळी तिपाई आणि दिवे लावून काम करावयाचे असल्यास संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी. हिवाळ्यातील पहाटे धुक्यात उभी असलेली एखादी कमान, आणि तिच्याखाली कोणीही मनुष्य नाही, असे चित्र ऐतिहासिक कादंबरीला पुष्कळदा घोडेस्वारापेक्षा अधिक उपकारक ठरते. कारण त्यात चुकीची पगडी असण्याची भीतीच नसते.

चित्रकाराकडून नवे चित्र काढून घेणे हा दुसरा मार्ग. कलाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला चित्रकार वाजवी मानधनात हे काम करील; पण मानधन देऊन प्रकरण मिटत नाही. मोबदला देऊन काढविलेल्या चित्राचा प्रथम हक्क, उलट करार नसल्यास, काढविणाऱ्याकडे जातो असे अधिनियम म्हणतो. तरीही वाद टाळण्यासाठी लेखी करार करावा, विशेषतः चित्र आधीच काढलेले असून त्याचा हक्क विकत घ्यावयाचा असेल तेव्हा. अशा करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो केवळ भारतापुरता समजला जातो. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढणारा, किंवा परदेशातील मराठी वाचकांना पुस्तक पाठविणारा प्रकाशक ह्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे अडचणीत येतो. हक्क विकल्यानंतरही आपले नाव दिले जाण्याचा, आणि कृतीची विटंबना होऊ न देण्याचा चित्रकाराचा अधिकार कायम राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल ह्यांनी शासनाविरुद्ध लढविलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली हा अधिकार ठामपणे मान्य केला. तेव्हा चित्र उलटे छापणे, त्यातील आकृती छाटणे, ह्या गोष्टी चित्रकाराला विचारून कराव्यात.

अलीकडे शब्दांत वर्णन दिले की क्षणात चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सुलभ झाली आहेत, आणि लहान प्रकाशकांचा त्यांच्याकडे ओढा वाढत आहे. संगणकाने निर्मिलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, असे भारतीय अधिनियमात १९९४ पासून लिहिलेले आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र मानवी कर्तृत्व नसलेल्या चित्राची नोंद नाकारली आहे. हक्काचा वाद बाजूस ठेवला, तरी ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत खरी आपत्ती निराळीच आहे. ह्या यंत्राला पेशवाईची पगडी आणि राजपुतान्याचा साफा ह्यांतील भेद सांगूनही नीट कळत नाही. ते हजारो चित्रांची सरासरी काढून एक सुबक, चकचकीत आणि कोठलाच नसलेला सरदार उभा करते. त्याचा दोष शोधण्यास जाणकारच लागतो, आणि जाणकार जवळ असेल तर चित्रकार अधिक बरा.

शेवटी नोंदीची बाब. चित्र कोठूनही घेतलेले असो, ते घेतले त्या दिवसाचा परवाना किंवा अटींचे पान छापून, तारीख घालून ठेवावे. संस्थांची धोरणे बदलतात, आणि पाच वर्षांनंतर मूळ पान सापडेलच असे नाही. पुस्तकाच्या हक्कपृष्ठावर चित्राचे नाव, चित्रकार, काल, संग्रह आणि नोंदणी क्रमांक अशी एक ओळ द्यावी. कायद्याने ती प्रत्येक वेळी आवश्यक असतेच असे नाही. परंतु मुल्लानपूरच्या लेखकाने सरहिंदची कमान निवडली, तर तेथे छायाचित्रकाराचे नाव, स्थळ आणि छायाचित्र घेतल्याचे वर्ष छापलेले असावे, म्हणजे ती कमान आज अशी दिसते, १७५८ साली ती अशीच दिसत असेल असे नाही, हे वाचकाला मुखपृष्ठ उलटताच कळेल.